डिस्पोजेबल कॅमेऱ्याचे फोटो खराब आले? आधी निगेटिव्ह बघा

डिस्पोजेबल फिल्म कॅमेऱ्यात साधारण २७ फोटो निघतात आणि रोल धुऊन येईपर्यंत एकही दिसत नाही. त्यामुळे स्कॅन बघून मूड गेला तर लगेच कॅमेऱ्याला नावं ठेवू नका. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. प्रोग्राम बिघडला की आम्ही आधी लॉग बघतो. फिल्मचा लॉग म्हणजे निगेटिव्ह. लॅबकडून नुसत्या स्कॅनच्या फाइल्स घेऊ नका, निगेटिव्ह परत मागाच.

पट्टी खिडकीच्या उजेडात धरा. कडेला कंपनीने टाकलेले फ्रेमचे नंबर दिसतात. निदान तिथून सुरू होतं.

१. नंबर ठळक, पण फ्रेम जवळजवळ कोरी
उजेड कमी पडला. फोन नाइट मोडमध्ये अनेक फ्रेम जोडून फोटो उजळवतो. इथे मात्र लेन्सचं छिद्र आणि शटरचा वेग (सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास) कायमचे ठरलेले. फ्लॅशही जेमतेम ३ मीटर पोचतो. भुसावळात माझ्या मावसभावाच्या रात्रीच्या हळदीचा रोल बघितला. समोरच्या मावश्या छान आल्या, मागचा अख्खा मांडव काळाकुट्ट.
उपाय: घरात आणि संध्याकाळी फ्लॅश लावाच, चार्जचा दिवा लागेपर्यंत थांबा. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, तिथे आत फोनच वापरा.

२. नंबरही फिकट किंवा गायब
रोल धुण्यात गडबड. रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपर ३७.८ अंशांवर ठेवावा लागतो. रसायन जुनं किंवा थंड असेल तर फिल्म नीट उमटत नाही. लॅबशी बोला.

३. निगेटिव्हमध्ये तपशील आहे, फोटो मात्र हिरवट-भुरकट
ही बातमी चांगली. दोष स्कॅनचा आहे, दुसरीकडे पुन्हा स्कॅन करून घ्या. म्हणूनच निगेटिव्ह फेकायची नसते.

४. सगळ्याच फोटोंचे रंग उतरलेले
उष्णता किंवा उलटून गेलेली एक्सपायरी. भुसावळचा मे महिना आपल्याला माहीतच आहे. बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत कॅमेरा ठेवू नका. रोल संपला की लवकर धुवायला द्या.

५. चेहरे धूसर
फोकस ठरलेला असतो, साधारण १ मीटरच्या पुढे. हात लांब करून काढलेला सेल्फी त्याच्या अलीकडे पडतो. बघायची खिडकी लेन्सपासून वेगळी असते, त्यामुळे लेन्सवर आलेलं बोटही तुम्हाला दिसत नाही.

६. फोटोवर पांढरे-नारिंगी पट्टे
कॅमेऱ्यात उजेड शिरला. बहुतेक मॉडेलमध्ये काढलेली फ्रेम गुंडाळत डबीत परत जाते. म्हणून बॉडीला तडा गेला तरी आधीचे फोटो बहुधा वाचतात. काळी टेप लावा आणि तसाच लॅबला द्या.

घरी उघडू नका
फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढल्यावरही ते टिकतात. यूट्यूब बघून स्क्रू ड्रायव्हर घालाल तर जबरदस्त झटका बसेल.

पुढच्या रोलसाठी एवढंच लक्षात ठेवा: भरपूर ऊन किंवा फ्लॅश, आणि माणूस १ ते ३ मीटरवर. हळद परत लागत नाही. जो फोटो हवाच आहे, तो फोनवरही काढून ठेवा.