बटाटालागवड, अँडीजमधील पारंपरिक

दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात, मुख्यतः पेरू व बोलिव्हियात, क्वेचुआ आणि आयमारा शेतकऱ्यांनी जपलेली बटाटा पिकवण्याची रीत. बटाटा लागवडीखाली आला तो याच टापूत, हजारो वर्षांपूर्वी.

सुमारे 3,500 ते 4,000 मी. उंचीवरच्या उभ्या उतारांवर बैलांचे औत चालत नाही. तेथे ‘चाकिताक्ला’ हा पायनांगर वापरतात. लाकडी दांडा, टोकाला लोखंडी पाते, खाली पाय देण्यासाठी आडवी खुंटी, वर मूठ. सगळे चामडी वादीने आवळलेले. दोघे पुरुष शेजारी उभे राहून एकदम पाय देतात, पाते गवताच्या मुळांखाली घालतात आणि दांडा मागे दाबून ढेप उचकटतात. समोर वाकलेली बाई ती हातांनी उलटी करते. दोन्हीकडच्या ढेपा समोरासमोर पालथ्या पडल्या की वरंबा होतो आणि गवत आतच कुजते. काही ठिकाणी नांगरट न करताच पडीत भोके पाडून बेणे टाकतात व वरंबे मागाहून बांधतात. अँडीजमधील मूळवासी इतिवृत्तकार ग्वामान पोमा यांच्या 1615 च्या सुमाराच्या सचित्र हस्तलिखितातही हाच पायनांगर दिसतो.

एकाच वावरात अनेक जातींचे बेणे मिसळून लावतात. एकाच जातीचे सलग पीक घेणाऱ्याला हा घोळ वाटेल; पण एक जात कडाक्याच्या थंडीने वा करप्याने गेली तरी दुसरी हाती लागते. या पद्धतीतले खरे शहाणपण इथेच आहे. बेणे निवडणे व राखणे हे बहुधा बायकांचे काम. बटाट्यानंतर ओका हे कंदपीक किंवा जव घेऊन जमीन काही वर्षे पड ठेवतात. कोणता पट्टा मोडायचा हे गाव मिळून ठरवते. पडीवर मेंढ्या व लामा चरतात, त्यांच्या लेंड्यांचे खत मिळते, आणि मुळांवरच्या सूत्रकृमींचाही जोर ओसरतो.

आपल्याकडे मृग-आर्द्रा पाहून पेरा ठरतो, तसे येथे जूनअखेरीस पहाटे कृत्तिका न्याहाळतात. त्या अंधूक दिसल्या तर पाऊस उशिरा व कमी, असे समजून लावणी लांबवतात. एल निन्योच्या वर्षी उंचावरचे विरळ ढग कृत्तिकांना झाकोळतात व पुढे पाऊसही कमी पडतो, असे 2000 साली ‘नेचर’मधील अभ्यासाने दाखवले.

काढणी साधारण मे-जूनमध्ये होते. थंडीला दाद न देणाऱ्या कडू जाती तशाच खाता येत नाहीत. ते बटाटे रात्रीच्या हिमात गोठवून, पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. हा ‘चुन्यो’ कित्येक वर्षे टिकतो.