तळटीप : पानपिंपरी आणि चार देशांची साक्ष

मूळ मजकुरातील ‘पिंपळी’ म्हणजे अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी या पट्ट्यात बारी समाजाचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पिकवत आले ती पानपिंपरी. आयुर्वेदातील त्रिकटूत ती सुंठ आणि मिऱ्यांसोबत येते. रोमन लेखक प्लिनीने इ. स. पहिल्या शतकात तिचा भाव काळ्या मिऱ्याच्या जवळजवळ चौपट नोंदवला आहे. भारत, ग्रीस, रोम, अरबस्तान सगळीकडे ती पचनासाठी दिली जाई, एवढ्यावरून लेखक तिचा गुण सिद्ध मानतात. हे पटत नाही. मालाबरोबर त्याचा उपयोगही जहाजातून जातो. तेव्हा चार देशांची साक्ष मुळात एकाचीच असू शकते. मग परंपरा फोल ठरते का? मुळीच नाही. पिंपळीतील पायपरीन हे द्रव्य इतर औषधांचे शोषण वाढवते, हे प्रयोगांत दिसले आहे. क्षयावरील रिफॅम्पिसिनची मात्रा त्याच्या जोडीने कमी करता आली. खरा पुरावा हा. घरगुती वस्तू निरुपद्रवीच असते, हा समजही टिकत नाही : चरकसंहितेचे विमानस्थान पिंपळी, क्षार आणि मीठ यांच्या अतिसेवनाविरुद्ध बजावते. रोजची औषधे चालू असणाऱ्या वाचकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिंपळी औषध म्हणून घेऊ नये.