आमच्या परिसरांतील दगडखाणी व त्यांतील जीवसृष्टि

या पुस्तिकेंत धर्मग्रामाचा वृत्तांत इतरत्र आलाच आहे. आम्हीं येथें, ज्या दगडावर आपलें ख्रिस्तमंदिर, आपलीं घरें व आपल्या पोटापाण्याचे कारखाने उभे आहेत, त्या दगडाचा थोडासा इतिहास सांगण्याचें योजिलें आहे. कारण दगड निघून गेल्यावर मागें जें उरतें त्याची विचारपूस आपल्यांत क्वचितच होते.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतची भूमि काळ्या कातळाची आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर एकावर एक पसरून हा कातळ बनला. देहूरोडजवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगरांत बौद्ध भिक्षूंसाठीं त्यांत लेणीं कोरलीं गेलीं. चाकणच्या ज्या भुईकोटांतून फिरंगोजी नरसाळा यांनीं १६६० सालीं शाहिस्तेखानाशीं जवळजवळ दोन महिने झुंज दिली, त्याच्या तटासहि हाच काळा दगड लागला. त्या काळीं दगड काढणें म्हणजे वडारी बांधवांची पहार, घण आणि सुतकी. मनुष्याच्या दंडांत जेवढें बळ, तेवढाच डोंगर फुटे.

पुढें १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, १९८२ सालीं महानगरपालिका आली. शेड, रस्ते व पूल यांस खडी हवी होती. ती मोशी, वाघोली वगैरे ठिकाणच्या खाणींनीं पुरविली. घणाची जागा सुरुंगानें व खडीयंत्रानें घेतली. आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबें या कारखान्यांच्या ओढीनेंच येथें आलीं, तेव्हां या खाणींशीं आपला कांहीं संबंध नाहीं असें आपणांस म्हणतां यावयाचें नाहीं.

याच काळांतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. टेल्कोनें १९६६ सालीं येथें कारखाना उभारण्यास आरंभ केला, तेव्हां तिची धुरा सुमंत मुळगांवकर यांच्याकडे होती. हे गृहस्थ पूर्वीं सिमेंटच्या धंद्यांत मुरलेले. जमीन पोखरणें म्हणजे काय हें त्यांस ठाऊक होतें. त्यांनीं त्या उजाड, खडकाळ जागेंत झाडें लावविलीं व एक सरोवर करविलें. तेथें पुढें पाणपक्षी येऊं लागले. कारखानदारानें मनावर घेतलें तर काय होतें, याचा हा दाखला आपल्या दाराशींच आहे.

परंतु सोडलेली खाण ही मुळांत ओसाड असते हीच समजूत चुकीची आहे. दगड काढणें थांबलें कीं खड्ड्यांत पावसाचें पाणी सांचतें व टिबुकल्या पोहूं लागतात. कड्याच्या भेगांत वटवाघळें राहतात, आग्या मोहोळ लटकतें, पाकोळ्या घरटीं करितात. भोंवतालच्या गवताळ माळावर टिटवी उघड्या खड्यांतच अंडीं घालते. सरकारी कागदांत या माळास ‘पडीक’ म्हणतात. चंडोलास तो पडीक वाटत नसावा! म्हणून अशा माळावर गिरिपुष्पाचीं झाडें दाटीनें लावणें हें आम्हांस पुण्यकर्म वाटत नाहीं. गवतांत राहणाऱ्या प्राण्याचें घर झाडांनींहि मोडतें.

शहराच्या कडेची रिकामी खाण दिसली कीं मात्र तींत राडारोडा व केरकचरा लोटण्याचा मोह होतो. खाणीच्या खोल पाण्यांत मुलें बुडतात, म्हणून ती बुजवावी, असें कित्येक माता-पिता म्हणतात. त्यांचें दुःख खरें आहे, व त्यापुढें पक्ष्यांची गोष्ट काढणें आम्हांसहि जड जातें. तथापि मजबूत कुंपण, पहारा व एका बाजूस उतरता कांठ यांनीं मुलांचें रक्षण होऊं शकतें. बुजविल्यानें कचऱ्याचें पाणी जमिनींत मुरून विहिरींस पोहोंचतें, आणि तें पाणी मुलेंच पितात.

कायदा या बाबतींत उशिरां जागा झाला. २७ फेब्रुवारी २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, पांच हेक्टरांहून लहान गौण-खनिज पट्ट्यांसहि पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक ठरविली. ८ जानेवारी २०२० रोजीं, नागपूरचे सुपुत्र शरद बोबडे सरन्यायाधीश असतांना, त्याच न्यायालयानें केंद्रसरकारास आज्ञा केली कीं, खाणकाम संपल्यावर पट्टेदारानें त्या जमिनीवर पुन्हां गवत उगवावें व ती चारा, वनस्पति आणि प्राणी यांस योग्य करून द्यावी, अशी अट पट्ट्यांत घालावी. न्यायालयानें ‘गवत’ म्हटलें याचा आम्हांस विशेष संतोष झाला. आतां गौण खनिजांचे पट्टे राज्यसरकारच्या अधिकारांत येतात. तेव्हां आपल्या गांवच्या पट्ट्यांत अशी अट आहे काय, हें ग्रामसभेंत उभें राहून विचारण्याचा हक्क आपल्या शेतकरी बांधवांनीं बजावावा.

त्यांस त्यांत स्वार्थहि आहे. जुन्या खाणीच्या कपारींत शृंगी घुबड राहतें. तें घरटें बांधीत नाहीं. हिंवाळ्यांत कड्याच्या उघड्या धारेवरच अंडीं घालतें, आणि त्याचें मुख्य अन्न म्हणजे शेतांतले उंदीर.