अभ्यासकाने चालवलेले त्रैमासिक : 'अस्मितादर्श'ची वाटचाल

२२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले होते. जिल्ह्यात ही आठवण आजही अभिमानाने सांगितली जाते. सांगताना एक गोष्ट मात्र राहून जाते. बाबासाहेबांच्या चळवळीच्या जोडीला त्या काळी त्यांचे वृत्तपत्रही असे, आणि १९४१ साली ते 'जनता' होते. या संपादक बाबासाहेबांना अभ्यासाचा विषय केले ते मराठवाड्यातच शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने, डॉ. गंगाधर पानतावणे यांनी. तो अभ्यास त्यांच्या हातून झाला आणि 'अस्मितादर्श' चालले, या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत.

पानतावणे नागपूरचे, जन्म २८ जून १९३७ चा. साठच्या दशकात ते औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात मराठी शिकवायला आले. हे महाविद्यालय बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९५० साली सुरू केलेले. निजामी राजवटीत शिक्षणाला पारख्या राहिलेल्या मराठवाड्यातल्या मुलांसाठी महाविद्यालयाचा नागसेनवन परिसर हे पहिले मोठे दार होते. तिथल्या वसतिगृहांत आणि वर्गांत लिहू पाहणारी मुले तयार होत होती, पण त्यांचे लेखन छापणार कोण? प्राचार्य म. ना. वानखेडे आणि पानतावणे यांच्या खटपटीतून १९६७च्या सुमारास 'अस्मिता' निघाले. लवकरच त्याचे 'अस्मितादर्श' झाले आणि संपादनाची धुरा पानतावण्यांनी पुढे अर्धशतक वाहिली.

त्यांच्या संपादनाचा कस नव्या लेखकांच्या बाबतीत लागला. प्रतिष्ठित मासिकांच्या कचेरीत ज्या भाषेला अशुद्ध म्हटले असते, ती भाषा 'अस्मितादर्श'ने जशीच्या तशी ठेवली. वामन निंबाळकर, यशवंत मनोहर, योगीराज वाघमारे, ज्योती लांजेवार ही नावे या त्रैमासिकाच्या पानांतून महाराष्ट्राला ओळखीची झाली. कविता आली की सोबत समीक्षाही हवी, हा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. दलित साहित्य म्हणजे काय, त्याचे सौंदर्यशास्त्र कोणते, यावरचे वाद याच अंकांत झडले. मग 'अस्मितादर्श'चे लेखक-वाचक मेळावे सुरू झाले आणि अंक वाचणारा नि अंकात लिहिणारा समोरासमोर बसू लागला.

१९७७च्या आसपास ते मराठवाडा विद्यापीठाच्या मराठी विभागात गेले. पुढच्याच वर्षी, २७ जुलै १९७८ रोजी, या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ज्या विद्यापीठाच्या नावावरून माणसे मारली गेली, घरे जळली, तिथेच शिकवत त्यांनी त्रैमासिक चालू ठेवले. याला नुसती चिकाटी म्हणणे अपुरे आहे.

या काळात त्यांचे संशोधनही चालले होते. 'पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. बाबासाहेबांकडे घटनाकार, अर्थतज्ज्ञ, नेता म्हणून पाहणारे पुष्कळ होते. संपादक म्हणून त्यांचा सलग विचार पानतावण्यांनी केला. अभ्यासाचे साहित्यही विलक्षण होते. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅममध्ये, म्हणजे सरकारी महाविद्यालयात, प्राध्यापक. त्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. 'मूकनायक'च्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, तर ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत'वर ज्ञानेश्वरांची ओवी. परदेशात अर्थशास्त्र शिकलेला हा संपादक मराठी वाचकाशी वारकऱ्यांच्या शब्दांतून बोलत होता. 'बहिष्कृत भारत'चा बहुतेक मजकूर ते स्वतः लिहीत. पुढे 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत'. पैशाअभावी पत्रे बंद पडत आणि नव्या नावाने पुन्हा उभी राहत. दर तीन महिन्यांनी स्वतः अंक जुळवणाऱ्या संशोधकाला ही ओढाताण कागदांवरून शोधावी लागत नव्हती.

२००९ साली अमेरिकेत सॅन होजे येथे भरलेल्या पहिल्या विश्व मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०१८च्या जानेवारीत पद्मश्री जाहीर झाली आणि २७ मार्चला औरंगाबादेत त्यांचे निधन झाले.

धाराशिव जिल्हाही त्यांच्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातला. इथल्या ज्या घरांत 'अस्मितादर्श'चे जुने अंक असतील, त्यांनी ते रद्दीत जाऊ देऊ नयेत. पत्रकारिता शिकणाऱ्या इथल्या मुलांनी ते मिळवून त्यांत आपल्या गावांचे लेखक शोधावेत, त्यांची सूची करावी, आणि जे हयात आहेत त्यांना भेटून ते का व कसे लिहू लागले हे विचारून लिहून घ्यावे. पहिल्या अंकांच्या वेळी विशीत असलेले लेखक आज सत्तरीच्या पुढे आहेत.