आधी गठाण, मग प्रवासी: बुलडाणा जिल्ह्यातल्या रेल्वे पहाऱ्याची गोष्ट

आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या नजरेखालचा आहे. शेगाव किंवा मलकापूर जवळ आलं, की कधीकधी डब्यात खाकीतले दोघे-तिघे शिरतात. पट्ट्याला धरलेला एक श्वान त्यांच्या पुढे असतो. तो बाकाखालच्या पिशव्या हुंगत जातो, प्रवासी पाय वर घेतात, पोरं खूश होतात आणि पथक पुढच्या डब्यात जातं. आपण म्हणतो, बंदोबस्त वाढलाय. पण हा पहारा नेमका कुणासाठी उभा राहिला, असं इतिहासाला विचारलं, तर उत्तर प्रवाशाला फारसं सुखावणारं नाही.

आधी भूगोल बघू. जिल्ह्याचं ठिकाण बुलडाणा, आणि तिथे रेल्वे नाही. मेन लाइन जाते जिल्ह्याच्या उत्तर अंगानं, पूर्णेच्या खोऱ्यातून. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव. जलंबहून एक फाटा खामगावला जातो. गाडी घाटावर गेली नाही, खाली काळ्या मातीत राहिली. कारण तिला कापूस हवा होता. १८५३ साल लक्षात ठेवा. एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि त्याच वर्षी मे महिन्यात निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार कंपनीच्या हाती आला. पुढे १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडाचा भाव वधारला. १८६७ ला लोहमार्ग नागपूरला पोहोचला. १८७० च्या मार्चमध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, तोही खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते! जेमतेम तेरा किलोमीटरच्या रुळांसाठी व्हाइसरॉय इतक्या लांब आला, तो काही आपल्या प्रवासाची सोय बघायला नव्हे.

आता कापूस म्हटला की आग आली आणि चोरी आली. गठाणी फलाटावर, मालधक्क्यावर पडून असायच्या, त्यांना राखण लागायची. म्हणून रेल्वेवरचा पहारा सुरुवातीपासूनच मालाभोवती वाढला. १८७२ च्या रेल्वे पोलीस समितीनंतर या कामाची दोन भागांत वाटणी करायचं ठरलं आणि पुढच्या दहाएक वर्षांत ती अमलात आली. गुन्हा घडला, दंगा झाला, तर सरकारी पोलीस. माल राखायचा, तर कंपनीचे स्वतःचे पहारेकरी. या दुसऱ्या फळीलाच पुढे ‘वॉच अँड वॉर्ड’ म्हणू लागले.

ही वाटणी आजही जिवंत आहे, आणि प्रवाशांचा सगळा गोंधळ तिथूनच होतो. फलाटावर दोन खाकी वर्दी दिसतात. एक लोहमार्ग पोलीस, म्हणजे महाराष्ट्राच्या गृहखात्याचे. शेगावला त्यांचं ठाणं आहे. दुसरे आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा बल, केंद्राच्या रेल्वे मंत्रालयाचे. तुमची बॅग गेली, तर गुन्हा नोंदवणार लोहमार्ग पोलीस. रुळाचं लोखंड गेलं, तर कारवाई आरपीएफची. रात्री दोन वाजता पाकीट मारल्या गेलेल्या माणसाला हा फरक कोण समजावणार?

१९५७ चा आरपीएफ कायदा बघा. त्याचा हेतू रेल्वेच्या मालमत्तेचं रक्षण, एवढाच. १९६६ चा कायदाही रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याबद्दलच आहे. ‘प्रवासी आणि प्रवासी क्षेत्र’ यांचं रक्षण हे आरपीएफचं काम झालं ते २००३ च्या दुरुस्तीनं, आणि ती लागू झाली १ जुलै २००४ ला. खामगावच्या फाट्यापासून मोजलं तर एकशे चौतीस वर्षं! सरकारी पोलीस या काळात होतेच, ते नाकारायचं कारण नाही. पण रेल्वेचं स्वतःचं बल कायद्यानं प्रवाशाकडे वळायला एवढा काळ गेला, आणि आम्हाला ही दिरंगाई म्हणून सोडून द्यावीशी वाटत नाही. पैसा कशात होता, ते त्यातून दिसतं.

मग श्वान कुठून आला? महाराष्ट्रात त्याला नाव मिळवून दिलं ते १९९३ नं. मुंबई पोलिसांचा ‘जंजीर’ हा लॅब्राडॉर पुण्याला शिवाजीनगरच्या सीआयडी केंद्रात शिकून आलेला. त्या वर्षीच्या स्फोटांनंतर त्याच्या नाकानं ३,३२९ किलो आरडीएक्स आणि २४९ हातबॉम्ब हुडकले, अशी नोंद सांगितली जाते. २००० साली तो गेला, तेव्हा त्याला सन्मानानं निरोप देण्यात आला. त्यानंतर ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसं गेली. तेव्हापासून गाडीतलं बेवारस सामान ही साऱ्या देशाचीच धास्ती झाली.

आता काम कसं चालतं ते. स्फोटकं हुंगणारा श्वान वस्तू सापडली की भुंकत नाही, पंजानं उकरत नाही, नुसता बसतो. उकरलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. साधारण सहा महिन्यांचं शिक्षण, माग काढणाऱ्याचं त्याहून लांब, नऊएक महिन्यांचं. बहुतेक वेळा श्वान आणि त्याचा हस्तक यांची जोडी एकत्रच तयार होते. नाक थकतं, म्हणून थोड्या थोड्या वेळानं विश्रांती द्यावी लागते. मे महिन्यात वऱ्हाडातला जनरल डबा, त्यात घाम, विडी, डब्यातली भाजी, फिनेल. या सगळ्यातून एक वास वेगळा काढायचा! आणि नांदुरा-जलंबसारख्या स्टेशनांवर श्वान कायमचा नसतो, मोठ्या ठिकाणाहून आणावा लागतो.

आज या लाइनवर बॉम्बइतकीच चिंता गांजाची आहे. आंध्र-ओडिशाच्या सीमाभागातला माल हावडा-मुंबई मार्गानं पश्चिमेकडे येतो. एप्रिल २०१९ पासून आरपीएफच्या सहायक उपनिरीक्षक आणि वरच्या अधिकाऱ्यांना एनडीपीएस कायद्याखाली झडती, जप्ती आणि अटकेचे अधिकार मिळाले.

इथे खरा पेच आहे. श्वान बाकाखालच्या पिशवीपाशी बसला. पिशवी कुणाची? कुणीच बोलत नाही. वरच्या बाकावर शेगावच्या दर्शनाला निघालेलं कुटुंब, शेजारी एक मजूर पोरगा. संशय आधी कुणावर जाणार, हे आपल्याला माहीत आहे.

याबद्दल सर्वोच्च न्यायालय १९६९ मध्ये बोललंय, आणि खटला महाराष्ट्राचाच होता, तोही रेल्वेचा. फिशप्लेटा, म्हणजे रुळांच्या जोडपट्ट्या, काढून गाडी घसरवल्याचा आरोप होता, आणि पोलिसी श्वानानं आरोपी दाखवला होता. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: श्वान साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. त्याच्या वतीनं बोलतो तो हस्तक. शिवाय रसायनाला स्वतःचं मन नसतं. श्वान विचार करतो, आणि विचार आला की चूक आली, स्वतःचीच फसवणूकही आली. अशा पुराव्याला त्या खटल्यात न्यायालयानं फारसं वजन दिलं नाही.

म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. श्वान बसला, की पिशवी पंचांसमोर उघडायची, वजन करायचं, माल सीलबंद करायचा, पंचनामा लिहायचा, नमुना रासायनिक तपासणीला पाठवायचा. न्यायालयात उभा राहतो तो हा कागद. आणि पिशवी तुमच्याच ताब्यात होती, हे सरकारी पक्षाला वेगळं दाखवावं लागतं. नुसतं त्या बाकावर बसणं पुरत नाही. अंगझडती घ्यायची असेल, तर एनडीपीएसच्या कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा तुमचा हक्क आहे, आणि तो हक्क तुम्हाला सांगणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. पिशवीच्या झडतीला मात्र हे कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये स्पष्ट केलंय.