‘गोरीच हवी’ ही आवड आली कुठून?

‘मुलगी गोरीच हवी, ही माझी वैयक्तिक आवड,’ असं तुम्ही म्हणाल. पण महाभारतात जिच्या रूपाने राजे भुलले ती द्रौपदी सावळी होती. तिचं एक नावच कृष्णा. गोऱ्या रंगाचं कौतुकही जुनंच, मात्र इंग्रजी अमलात त्याला सत्तेचं वजन आलं. १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ आली, आणि जाहिरातींनी लग्न आणि नोकरी दोन्ही रंगाला बांधली.

रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या-सावळ्या त्वचेत साधारण सारख्याच असतात. फरक त्या बनवतात त्या मेलॅनिनचा. (उन्हापासून जास्त संरक्षण सावळ्या त्वचेलाच!)

तरी ‘बघायला येणार’ म्हणून मुली मेडिकलमधून क्रीम आणतात. त्यात अनेकदा स्टिरॉइड असतं. आधी चेहरा उजळतो. मग त्वचा पातळ आणि लाल होते, पुरळ येतं, लव वाढते. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. २०२० मध्ये क्रीमच्या नावातून ‘फेअर’ गेलं, शादी डॉट कॉमने रंगावरून स्थळं गाळायची सोय काढली.

तुमच्या अपेक्षांत ‘गोरी’ असेल, तर तो शब्द खोडून नाकारलेली स्थळं पुन्हा बघा. आणि अशी क्रीम लावत असाल तर एकदम बंद करू नका. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.