हिऱ्याचा घाट

नांदेड क्षेत्री शीख पंथाची जी पवित्र स्थाने आहेत, त्यांत गोदावरीच्या काठचे 'हिरा घाट' हे एक होय. इ. स. 1708 मध्ये गुरु गोविंदसिंग नांदेडास आले. बादशहा बहादूरशहाही त्याच सुमारास आपला भाऊ कामबक्ष याच्यावरील मोहिमेच्या निमित्ताने दक्षिणेत उतरला होता. त्याने गुरूंस एक अमोल हिरा नजर केला, आणि गुरूंनी तो सहजगत्या नदीच्या पात्रात भिरकावून दिला. बादशहाच्या मनास ते लागले. तेव्हा गुरूंनी त्यास पाण्यात डोकावून पाहावयास सांगितले. पाहतो तो तळाशी हिऱ्यांच्या राशीच राशी पडलेल्या! पंथाच्या परंपरेत ही कथा अशी सांगतात. नांदेडातीलच नगीना घाटाचे नावही अशाच एका नदीत टाकलेल्या रत्नावरून पडले आहे.

ही कथा इतिहासाच्या तराजूत घालून पाहण्याचा आमचा येथे हेतू नाही. परंतु मराठीत 'घाट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नदीच्या पायऱ्या तो एक घाट, आणि घडविलेल्या वस्तूची ठेवण तो दुसरा. भाविकास पहिला घाट पुरेसा आहे. इतिहासाची आवड असणाऱ्याच्या मनात मात्र दुसऱ्याविषयी कुतूहल उत्पन्न होते. त्या काळच्या हिऱ्याचा घाट कसा असे? तो चांगला की वाईट, हे पारखी कशावरून ठरवीत? आणि आज आपण ज्या कसोट्या लावतो, त्या लावल्या असत्या तर तो हिरा उतरला असता काय?

प्रथम आजची कसोटी पाहू. नांदेडच्या किंवा लातूरच्या सराफाकडे हिऱ्याची अंगठी घ्यावयास गेले असता पुष्कळदा हिऱ्याबरोबर परीक्षणाचे एक पत्रकही हाती येते. त्यात वजन, रंग व निर्मळपणा यांच्या जोडीला झिलई आणि प्रमाणबद्धता अशी दोन कलमे असतात. अमेरिकेत 1931 मध्ये स्थापन झालेल्या रत्नविद्या संस्थेने रूढ केलेल्या पद्धतीत या दोन्ही कलमांच्या पाच पायऱ्या मानतात: उत्कृष्ट, फार चांगली, चांगली, साधारण आणि निकृष्ट. परीक्षक दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून हिरा न्याहाळतो. झिलई पाहताना चाकाने उठलेल्या बारीक समांतर रेघा, ओरखडे, कडांची झीज, अतिउष्णतेने आलेला धुरकटपणा, असे पृष्ठभागावरचे दोष तो शोधतो. प्रमाणबद्धता पाहताना माथ्यावरचा सपाट पैलू बरोबर मध्यभागी आहे की सरकला आहे, खालचे टोक त्याच्या नेमके खाली येते की नाही, हिऱ्याची कंबर म्हणजे वरचा व खालचा भाग जेथे मिळतात ती कडा सरळ आहे की लाटेसारखी, वरचे पैलू खालच्या पैलूंशी जुळतात की नाही, एखादा पैलू अधिकचा तर पडला नाही ना, हे तो पाहतो. 'उत्कृष्ट' आणि 'फार चांगली' यांतील भेद बहुधा नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. तो भिंगालाच दिसतो.

या पत्रकातील एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हिऱ्याचा रंग व निर्मळपणा हे बहुतांशी पृथ्वीच्या पोटातच ठरलेले असतात, आणि वजनही निसर्गाने दिलेल्या मापापलीकडे कोणास वाढविता येत नाही. झिलई आणि प्रमाणबद्धता ही दोन कलमे तेवढी सर्वस्वी मनुष्याच्या हातची. म्हणजे रत्नाच्या परीक्षेत जी खरोखर कारागिराची परीक्षा आहे, ती येथे होते.

आपल्या प्राचीन रत्नशास्त्राची दृष्टी याहून निराळी होती. प्रमाणबद्धतेचे महत्त्व त्या शास्त्रकारांस ठाऊक नव्हते असे नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उत्तम हिऱ्याची लक्षणे सांगताना त्याची टोके सारखी असावीत व तो तेजस्वी असावा असे म्हटले आहे. टोके मोडलेला, कडा नसलेला, एका अंगाला कललेला हिरा त्याज्य ठरविला आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत हिऱ्यासाठी स्वतंत्र अध्याय दिला असून, आठ पांढऱ्या मोहऱ्यांचा एक तांदूळ अशा मापाने त्याचे मोल सांगितले आहे. बुद्धभट्टाच्या रत्नपरीक्षेत आदर्श हिऱ्याला सहा टोके, आठ बाजू व बारा धारा असतात असे वर्णन आहे. भूमिती जाणणारा वाचक ताबडतोब ओळखील की, हे खाणीतून निघालेल्या नैसर्गिक अष्टफलक स्फटिकाचेच वर्णन होय. ज्या हिऱ्यास निसर्गानेच असा निर्दोष घाट दिला, तो श्रेष्ठ. मनुष्याने त्यास हात लावणे म्हणजे त्याचे सत्त्व घटविणे, अशी ही विचारसरणी. प्रमाणबद्धता हा त्या काळी रत्नाचा गुण होता, रत्न घडविणाऱ्याचा नव्हे.

ही दृष्टी सतराव्या शतकातील दक्षिणेत कितपत टिकून होती, याची साक्ष झां बाप्तिस्त ताव्हर्निए (1605–1689) या फ्रेंच जवाहिऱ्याच्या प्रवासवर्णनात सापडते. गोवळकोंड्यापासून पाच दिवसांच्या वाटेवर असलेल्या रावलकोंड्याच्या खाणीवर त्याने आपल्या कारागिरांस काम करताना प्रत्यक्ष पाहिले. प्रत्येकाजवळ ताटाएवढे एकच पोलादी चाक. त्यावर एका वेळी एकच हिरा. दगडाचा रेषा सापडेपर्यंत चाकावर सारखे पाणी ओतावयाचे, आणि तो सापडला की तेल व हिऱ्याची पूड लावून, वर शिशाचे मोठे ओझे ठेवून घासावयाचे. 'रेषा' शोधण्याचे कारण असे की, हिऱ्याचा कठीणपणा सर्व दिशांस सारखा नसतो. योग्य दिशेने घासला तरच तो झिजतो. ही गोष्ट आमच्या कारागिरांस पक्की ठाऊक होती.

ताव्हर्निए लिहितो की, हिरा निर्दोष असला तर हे लोक त्याच्या वर-खाली चाक नुसते लावल्यासारखे करतात. वजन घटेल या भीतीने त्यास निराळा आकार देऊ धजत नाहीत. परंतु आत एखादा डाग अथवा काळा-तांबडा कण असला, तर तो लपविण्यासाठी साऱ्या दगडावर पैलूच पैलू पाडतात. याचा अर्थ मोठा मौजेचा आहे. आज पैलूंची सुबक गर्दी पाहून आपण हिऱ्याची वाखाणणी करतो. त्या काळचा चतुर गिऱ्हाईक तीच गर्दी पाहून मनात शंका घेत असावा! झिलईविषयीही त्याने स्पष्ट लिहिले आहे की, युरोपातल्यासारखी जिवंत झिलई येथे साधत नाही. पण त्याने त्याचे कारण हाताच्या अडाणीपणात शोधले नाही, चाकात शोधले. पोलादी चाक कुरुंदावर खरडण्यासाठी वारंवार काढावे लागे, आणि पुन्हा बसविताना ते समतोल बसत नसे. डगमगणारे चाक रेघा ठेवणारच. आजच्या परीक्षकाच्या भिंगात ज्या रेघा दिसतात, त्यांचे मूळ येथे सांगितले आहे. हिंदी कारागिरांस पैलू पाडताच येत नसत, असे जे सरसकट विधान पुष्कळदा ऐकू येते, ते या साक्षीने टिकत नाही. त्यांचे चाक उणे होते. आणि त्यांच्या धन्यास तेजापेक्षा वजन प्रिय होते.

धन्याची ही आवड किती कडक होती, याचे उदाहरणही त्याच ग्रंथात आहे. मीर जुमल्याने शहाजहानास दिलेला एक प्रचंड हिरा कच्चा असता 787½ कॅरट भरत होता. तो घडविण्याचे काम होर्तेन्सिओ बोर्जिओ या व्हेनिसच्या कारागिराकडे आले. त्याने तो घासघासून असा काही केला की, शेवटी सुमारे 280 कॅरट उरला. मजुरी देणे दूरच राहिले. बादशहाने त्यास दहा हजार रुपये दंड केला, आणि त्याच्याजवळ अधिक असते तर तेही घेतले असते, असे ताव्हर्निए म्हणतो. 2 नोव्हेंबर 1665 रोजी औरंगजेबाच्या रत्नभांडारात हा हिरा त्याने स्वतः हातात घेऊन पाहिला. तेव्हा युरोपीय हात म्हणजे हमखास उत्तम घाट, असेही मानण्याचे कारण नाही.

पुढे दोनशे वर्षांनी पारडे उलट फिरले. नांदेडचे आजचे सचखंड मंदिर ज्या महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात बांधविले, त्यांच्याच जवळ 1813 पासून कोहिनूर होता. पंजाब खालसा झाल्यावर तो इंग्लंडात गेला आणि 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडला गेला. लोकांच्या झुंडी लोटल्या व निराश होऊन परतल्या. हिंदी घाटाच्या त्या दगडात त्यांना अपेक्षित लखलखाट दिसेना. म्हणून 1852 मध्ये ॲम्स्टरडॅमहून कारागीर आणवून, वाफेच्या यंत्रावर 38 दिवस घासून, तो नव्याने घडविण्यात आला. सुमारे 191 कॅरटांचा कोहिनूर 105.6 कॅरटांवर आला. ज्या पातकासाठी बोर्जिओस दंड झाला, तेच आता सुधारणा म्हणून गणले गेले! दगड तोच, कसोटी बदलली.

या बदलाचा शेवट आपल्या मराठवाड्याच्या तत्कालीन राजधानीतच पाहावयास मिळतो. नांदेड, लातूर हा सारा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ज्या प्रदेशाने एके काळी जगास हिरे पुरविले, त्याच्या सहाव्या निजामाने 1891 मध्ये जेकब नामक व्यापाऱ्याशी ज्या हिऱ्याचा सौदा केला, तो दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतला आणि ॲम्स्टरडॅमला 58 पैलू पाडलेला होता. 184.75 कॅरटांचा हा 'जेकब' हिरा सातव्या निजामाने कागद दाबण्यासाठी वापरला, असे सांगतात. 1995 मध्ये निजामाच्या इतर जवाहिराबरोबर तो भारत सरकारने विकत घेतला. गोवळकोंड्याच्या खाणी तोवर कधीच ओस पडल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर रावलकोंड्याचे ते एकचाकी कारागीरही नाहीसे झाले होते.

1919 मध्ये मार्सेल तोल्कोव्स्की याने प्रकाशाच्या गणिताने गोल हिऱ्याची प्रमाणे बसवून दाखविली. तेव्हापासून घाट हा हिशेबाचाही विषय झाला. आणि काळाचा फेरा असा की, आज जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पडतात ते पुन्हा हिंदुस्थानातच, सुरतेस. म्हणजे पत्रकावरील 'उत्कृष्ट' ही पदवी आता बहुधा आपल्याच कोणा कारागिराने मिळविलेली असते. परंतु त्या पत्रकावर त्याचे नाव नसते. बोर्जिओचे नाव आपणांस ठाऊक आहे, ते त्यास दंड झाला म्हणून. रावलकोंड्याच्या एकाही कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

हिरा घाटाच्या पायऱ्यांवर बसून गोदावरीकडे पाहताना हाच विचार मनात येतो. बादशहाने दिलेल्या हिऱ्याचे वजन कथेत नाही, पैलूंची संख्या नाही, घडविणाऱ्याचे नाव तर नाहीच. गुरूंनी त्याचे मोल शून्य ठरविले, ते विरक्ताच्या मापाने. बादशहाने अमोल ठरविले, ते राजाच्या मापाने. या दोन मापांच्या मधोमध आणखी एक माप आहे, ते श्रमाचे. अंगठी बोटात घालताना पत्रकावरील ती शेवटची दोन कलमे वाचणाऱ्याने हे माप क्षणभर जरी आठवले, तरी त्या अनाम हातांची घडणावळ थोडीफार फिटली असे म्हणता येईल.